आर्डिस टोलेफसन ट्रेलर मागे घेते

"कुणीही पुढे यायचं नाही," पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आर्डिस म्हणाली. "ट्रुडी, तूसुद्धा नाही."

ट्रुडी म्हणजे मी. उन्हाळ्याचे चार महिने या कॅम्पग्राउंडची देखरेख करते. त्याआधी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फात, चिखलात आणि मागच्या सीटवर मारामाऱ्या चालू असताना. समोर कुणी ट्रेलर मागे घेताना चुकायला लागलं की माझे हात शिवशिवतात. पण आर्डिसनं बजावलं होतं, म्हणून मी ते जाकिटाच्या खिशात कोंबले आणि गप्प उभी राहिले. गप्प उभं राहणं मला जमत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी चारच्या सुमाराला आमच्याकडे रोज फुकटचा खेळ असतो. नवे लोक पिकअपमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत येतात, नवरा पिकअप मागे घेतो, बायको मागे उभी राहून हातवारे करते आणि आधी येऊन बसलेले लोक आपापल्या खुर्च्या रस्त्याकडे वळवतात. बर्फाची टोपी घातलेला एवढा थोरला डोंगर समोर उभा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ट्रेलर लागेपर्यंत जोडपी एकमेकांना घटस्फोट देऊन मोकळी झालेली असतात, आणि सहा वाजता शेजारी शेजारी बसून मक्याची कणसं भाजतात.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमचा जवळूनही साजरा आहे, फक्त डास सांभाळायचे. पण कॅम्पग्राउंडचं नाव 'माउंटन व्ह्यू' असलं तरी डोंगर नीट दिसतो तो पाचच जागांवरून. बाकीच्यांच्या नशिबी शौचालयाची भिंत. त्या पाचातली सात नंबरची जागा सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत छळणारी. डावीकडे जुनं पाइनचं झाड, उजवीकडे पाण्याचा नळ आणि विजेचा खांब, मध्ये ट्रेलर जेमतेम मावतो.

टोलेफसन नवरा-बायको दर जूनमध्ये दोन आठवडे तिथंच उतरतात. लोवेलनं चाळीस वर्षं शेतावर डिझेल पोचवणारा टँकर चालवला. तो सात नंबरमध्ये एका दमात शिरायचा, सिगारेट अर्धीही संपायची नाही. आर्डिस गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती, रोज दोनशे पोरांना वाढायची. ट्रेलर लावताना तिची जागा मागे. अंगात पिवळं जाकीट, दोन्ही हात हवेत.

गेल्या हिवाळ्यात लोवेलचे डोळे गेले. गाडी चालवण्याचा परवाना त्यानं स्वतःच नेऊन दिला. कुणी मागायच्या आत दिला, यातच त्या माणसाचं सगळं आलं. मग चौऱ्याहत्तराव्या वर्षी आर्डिस पिकअप शिकली. पुढे चालवायला शिकली, तीनशे मैल ट्रेलर ओढत घेऊनही आली. मागे घेणं ही वेगळी विद्या आहे.

आणि नुसतं जागेवर लावण्याचा प्रश्न नव्हता. सकाळी त्यांच्या मुलीचा, कॉरिनचा, ऑफिसात फोन आला होता. आमच्याकडे मोबाइल लागत नाही. तिनं मला स्पष्टच सांगितलं. आईनं शब्द दिलाय, स्वतः लावता आला तर ट्रेलर ठेवायचा, कुणाची मदत लागली तर विकायचा. जाहिरात लिहून तयार आहे. संध्याकाळी मी फोन करीन, तुम्ही खरं काय ते सांगा. मला तिचा राग आला, कारण कुणावर पाळत ठेवणं माझ्या रक्तात नाही. पण तिचं तरी काय चुकलं? रस्त्यात टायर फुटला तर ती दोन म्हातारी माणसं काय करणार, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

पहिल्या खेपेला ट्रेलरचं शेपूट थेट झाडाकडे निघालं. आर्डिस थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. दुसऱ्या खेपेला पिकअप आणि ट्रेलर कोपरासारखे मुडपले. तोवर सात-आठ खुर्च्या वळलेल्या होत्या. अकरा नंबरचा वेंडेल उठून आला. त्याची बसएवढी मोटार आहे, आतच घर असलेली, ती तो कधी मागे घेत नाही, पण सल्ला मात्र सगळ्यांना देतो. म्हणाला, द्या इकडे बाई, दोन मिनिटांचं काम आहे.

"तुला लागत असतील दोन मिनिटं," आर्डिस म्हणाली. "मला माझा तास घेऊ दे."

वेंडेल परत जाऊन बसला. माझ्या मनात आलं, बरं झालं.

तिसऱ्या खेपेला लोवेलनं मागे जाऊन उभं राहायचं ठरवलं. बायको इतकी वर्षं करायची ते आपण करू, एवढाच त्याचा विचार. ट्रेलरच्या कडेला हात लावत तो मागे गेला आणि नळाजवळ उभा राहून मोठमोठे हात करू लागला. आर्डिस मागे येऊ लागली. ट्रेलर वळला तसा लोवेल आरशातून नाहीसा झाला, आणि तो उभा होता बरोब्बर तिथंच मागचा कोपरा निघाला. मी "थांब!" म्हणून ओरडले. गप्प राहायचं गेलं खड्ड्यात. ब्रेक लागला तेव्हा लोवेलच्या आणि पत्र्याच्या मध्ये हातभर अंतर राहिलं होतं. त्याला ते कळलंही नव्हतं, तो हात हलवतच होता.

आर्डिस उतरून मागे आली.

"तू मला दिसतच नव्हतास," ती म्हणाली.

"मी हात करत होतो की."

"कुणाला? नळाला?"

खुर्च्यांवरून हसू आलं. लोवेल हसला नाही. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? तुझ्या हातांकडे मी कधी बघितलंच नाही, आर्डिस."

"म्हणजे?"

"एकतीस वर्षांत एकदाही नाही. तुझे हात एक सांगायचे आणि तोंड दुसरंच. मी आरशात तुझं तोंड बघायचो. ओठ मिटलेले असले की येऊ द्यायचं. तोंड उघडलं की ब्रेक."

"एकतीस वर्षं मी खांदे दुखेस्तोवर हात हलवले, शहाण्या."

"छान दिसायचीस."

आर्डिस त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, "आता दिसतं का माझं तोंड?"

"नाही," लोवेल म्हणाला. "सरळ बघितलं की तिथं डागच असतो. कडेकडेचं तेवढं दिसतं."

खोटं कशाला बोलू, मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. वेंडेलसुद्धा जमिनीकडे बघायला लागला.

मला वाटलं, संपलं. आता ती किल्ली कुणाच्या तरी हातात देईल. पण दोनशे पोरांच्या रांगेला रोज पुरी पडलेली बाई ती. तिनं लोवेलचा दंड धरला, त्याला चालवत पुढे नेलं आणि पिकअपच्या दुसऱ्या सीटवर बसवून दार लावलं.

"इथं बस. मला दिसतं, तुला येतं. मी सांगते काय दिसतंय, तू सांग काय करायचं."

दोन्ही काचा खाली होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. लोवेलनं डोळे मिटून घेतले होते.

"डाव्या आरशात काय आहे?"

"झाड."

"झाडाचं काय? फांद्या की खोड?"

"खोड. अर्धं."

"मग अजून जागा आहे. स्टिअरिंग खाली धर. त्याहून खाली, पोटाजवळ. आता शेपूट जिकडे जायला हवं तिकडे तो हात ने."

"नळाकडे जायला हवं."

"मग ने नळाकडे. सावकाश. मांडीवर गरम सुपानं भरलेलं पातेलं आहे समज."

पातेल्याचं बोलल्यावर तिला बरोबर समजलं. ट्रेलर हातभर सरकला. आर्डिस उतरली, मागे जाऊन नळ बघितला, खांब बघितला, झाडाचं खोड बघितलं, परत येऊन बसली आणि सगळं लोवेलला सांगितलं. पुन्हा हातभर. पुन्हा उतरली. प्रत्येक खेपेला तिचे गुडघे कुरकुरत असणार, पण एकदाही तिनं मधलं उतरणं टाळलं नाही. वेंडेल मोठ्यानं मोजत होता, ते मी एका नजरेनं बंद केलं. कुणी हसत नव्हतं. चार नंबरच्या बाईची कॉफी हातातच गार झाली.

पाच वाजायला आले तेव्हा मागची चाकं खडीच्या पट्ट्यावर चढली. आर्डिसनं इंजिन बंद केलं आणि लाकडी ठोकळे चाकांना स्वतः लावले. ट्रेलर किंचित वाकडा होता, उजवं चाक गवतात गेलं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी हळूच आपापल्या खुर्च्या डोंगराकडे वळवल्या, आणि मला वाटतं तिला तेच जास्त आवडलं असेल.

कॉरिनचा फोन सातला आला.

"मदत लागली का?" तिनं पहिलंच विचारलं.

"लागली," मी म्हणाले.

तिनं सोडलेला श्वास ऐकू आला. तिलाही हे उत्तर नको होतं, हे मला तेव्हा कळलं.

"कुणाची?"

"तुझ्या बाबांची."

"बाबांना दिसत नाही हो."

"दिसत नाही, पण येतं. तिला दिसतं, पण येत नव्हतं. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो आणि तो चांगला ड्रायव्हर आहे. चौतीस वर्षं बस चालवलीये मी, मला कळतं त्यातलं."

मग मी तिला सगळं सांगितलं, नळाजवळचा प्रसंगसुद्धा. खरं सांगायचं कबूल केलं होतं. तिनं एकदा "अरे देवा" म्हटलं, एकदा नाक ओढलं.

"सरळ लागला का?"

"वाकडा आहे थोडा."

"आणि निघताना? तेव्हा पुढेच जायचं असतं ना?"

"पुढेच."

"मग राहू दे जाहिरात," कॉरिन म्हणाली. "पुढच्या जूनचं पुढच्या जूनमध्ये बघू. आईला सांगाल? मी सांगितलं तर रडेन."

मी तशीच सात नंबरकडे निघाले. आमच्याकडे जूनमध्ये त्या वेळीही लख्ख उजेड असतो. डोंगराच्या माथ्यावरचं बर्फ पिवळं झालं होतं. दोघं ट्रेलरसमोर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसली होती, मांडीवर बीन्सच्या ताटल्या. निरोप ऐकून आर्डिसनं नुसती मान हलवली, आणि मग बराच वेळ रुमाल शोधत राहिली. मी दुसरीकडे बघितलं.

लोवेलचं तोंड आर्डिसकडे होतं. मी त्याला म्हटलं, अरे, डोंगर तिकडे आहे.

"माहितीये," तो म्हणाला. "त्याच्याकडे बघितलं की तो नसतोच. आर्डिसकडे बघितलं की कडेला दिसतो. बर्फासकट."

"आणि आर्डिस बघायची झाली तर?"

"तर डोंगराकडे बघायचं."

"मग बस दिवसभर मान हलवत," आर्डिस म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी बीन्स वाढले.

मी ऑफिसकडे परत निघाले. वळणावरून मागे बघितलं तेव्हा ती अजून रुमालानं डोळे पुसत होती, आणि लोवेलनं मान वळवली होती. तो डोंगराकडे बघत बसला होता.