ग्रहणातली विळी

एक कांदा. झाकोळलेला सूर्य. इवल्या तळहातावर एकच आडवी रेघ. माळ्यावरची कोळिष्टके.

थांबा, नीट सांगते. मला तुकडे करायची सवय आहे.

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. जामखेडच्या लोहाराने मला घडवले, बाभळीच्या पाटावर बसवले. रोहिणीच्या लग्नात भांड्यांबरोबर मी तिसगावला आले. मेथी, वांगी, शेवगा. "सूनबाईची विळी लोन्यावानी चालती," सासू भागूबाई शेजारणींना सांगायच्या.

मग राजनंदिनी जन्मली. डोळे कडेला वर गेलेले, नाक बसके, अंग सैल. जीभ सारखी बाहेर डोकावणारी. पायाचा अंगठा इतर बोटांपासून लांब.

भागूबाईंनी तिचा तळहात पाहिला, मग मला.

"पोटुशी असताना ग्रहनात कांदा चिरलास. ह्या विळीनं पोरीच्या रेघा कापल्या."

"भूक लागली हुती, आत्याबाई," रोहिणी म्हणाली.

मला माळ्यावर टाकले. गंज चढू लागला. खाली भागूबाई मुलाला, बिभीषणला, सांगत होत्या, "विळी आन् सून, दोन्ही एकाच टेम्पोत जामखेडला धाड." रोहिणी पिशवी भरत होती. मी तळमळत होते. कांदा तर मी चिरला होता. आणखी काही चिरले होते का? मलाच कळेना.

टेम्पो आला नाही. बिभीषण आधी पोरीला नगरला घेऊन गेला. रक्त तपासले. काही आठवड्यांनी अहवाल घेऊन आला.

"डाऊन सिंड्रोम म्हनत्यात ह्याला. आपल्या अंगात गुणसूत्रं जोडीनं असत्यात. हिच्या एकविसाव्या जोडीत एक जादा हाय."

"जादा?" भागूबाई म्हणाल्या. "ह्या घरात आजवर काय जादा आलंय का?"

"गर्भ राहतो तवाच ठरल्यालं असतं, आई. चिरल्या-कापल्यानं न्हाई. आन् अशा लेकरांच्या काळजाला छिद्र असू शकतं. त्ये आधी तपासा म्हनले."

भागूबाईंची नजर कोपऱ्यातल्या भरलेल्या पिशवीवर गेली.

"मंग पिशवी कशाला भरलीय?" त्या रोहिणीवरच खेकसल्या. "तपासायला कवा जायचं?"

रोहिणीने मला खाली काढले. भागूबाईंनी पात्यावरून बोट फिरवले. "बोथाटली."

मित्रांनो, मला धार लावा, नका लावू. पण अशा बाळाचे हृदय वेळेवर तपासा. त्याच्याशी बोला. त्याला बसायला, चालायला जास्त वेळ द्या. आणि त्याच्या आईला माळ्यावर टाकू नका.

ग्रहण लागले, त्या दिवशी रोहिणीला पाचवा महिना चालू होता; जे ठरायचे ते केव्हाच ठरले होते.