मला टांगू नका!

मित्रांनो, मी एक जुना टाय आहे, पण विणलेला. माझा रंग गडद हिरवा, टोक चौकोनी आणि अंगभर उलटसुलट टाके. रेशमी टाय मला पाहून नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांची गाठ घसरते, माझी घसरत नाही.

एका ताईने मला धाकट्या भावासाठी विणले. तो नुकताच शाळेत शिक्षक झाला होता. स्वेटरची लोकर उरली होती आणि ताईचा हात चपळ, त्यामुळे चार संध्याकाळींत मी तयार झालो. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गळ्यात मोजा घातलाय का?" वर्ग फिदीफिदी हसला. मी लाजेने अर्धमेला झालो. सर मात्र म्हणाले, "हो, दुसरा धुवायला टाकलाय!" त्या दिवसापासून ते 'मोजेसर' झाले आणि मी त्यांचा लाडका.

पुष्कळ वर्षे मी खडूची धूळ खाल्ली. पुढे सांधेदुखीने ताईची बोटे आखडली आणि विणकाम सुटले. "ताईच्या हातचं आता एवढंच उरलं," म्हणत सरांनी मला घालणेच सोडले. बैठकीच्या भिंतीवर खिळा ठोकून मला मानाने टांगले. पण विणलेली वस्तू टांगली की आपल्याच वजनाने ओढली जाते. मी चांगला वीतभर लांबलो. सांगणार कोणाला?

यंदा ताई आणि तिची लेक सरांकडे राहायला आल्या. लेकीला नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी लागली होती आणि दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचे होते. मला पाहताच ती हरखली.

"मामा, हा मला दे ना! असा टाय हल्ली मिळतो कुठे?"

"नको गं," सर कासावीस झाले. "ताईची आठवण आहे ती. खराब झाला तर?"

खुर्चीतून ताई म्हणाली, "अरे, मी इथे समोर बसलेय. आठवण कसली?"

सर उठले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून ताईच्या मांडीवर ठेवले. मला चाचपताच तिचा चेहरा उतरला.

"किती ताणलास रे याला! विणलेलं कधी टांगतात का? मला विचारायचंस तरी."

"चुकलंच माझं. आता सुधारेल का गं?"

"बघू."

ताई सांगत गेली, लेक करत गेली. तिने मला कोमट पाण्यात बुचकळले, न पिळता टॉवेलमध्ये दाबले आणि टेबलावर पसरून टाके जवळ सारले. शेवटचा हात ताईने स्वतः फिरवला. ती आखडलेली बोटे अंगावरून फिरली तेव्हा मला अगदी भरून आले.

सकाळी मी बराच आटलो होतो, पूर्वीइतका नाही, पण घालण्याजोगा. पांढऱ्या सदऱ्यावर लेकीने माझी बारीक गाठ मारली आणि आम्ही कचेरीत गेलो.

संध्याकाळी ती धापा टाकतच घरात शिरली. "आई, तिघींनी विचारलं, कुठून घेतला म्हणून! त्यांना शिकायचंय. रविवारी बोलावू?"

ताईने बोटांकडे पाहिले. "मला विणता कुठे येतंय आता?"

"सांगता येतं ना!"

ताईने पुन्हा एकदा माझे टाके चाचपले. मग भावाला म्हणाली, "उद्या सुयांचे तीन जोड घेऊन ये. जाड्या आण, नवशिक्या आहेत त्या."

मित्रांनो, आम्हा विणलेल्यांना टांगू नका, सैलसर गुंडाळून खणात ठेवा. आणि माणूस घरात असताना त्याची आठवण भिंतीवर लावू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा.