एक्सल कुणी तोडला

नथ्थूने शेवटचा बोल्ट सोडवला आणि जीपच्या मागच्या चाकातून एक्सल ओढला. हातात आला तो निम्माच.

"बाकीचा आतच राहिला," तो म्हणाला.

पायरीवर बसलेल्या त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, तोंड फिरवलं. ही सत्तर सालची जीप, वीस वर्षांची म्हातारी. पण तिचा एक्सल तुटला तो नेमका बुधवारी, बाजाराच्या भर गर्दीत, कुंदाबाईच्या हातून. कडाड् आवाज झाला आणि वांग्यांच्या पाट्यांसकट गाडी जागच्या जागी बसली. तेव्हापासून सासऱ्यांना, तोताराम आबांना, दुसरा विषयच नव्हता. माणूस दिसला की सुरू:

"बाईना हातमां ष्टेरिंग दिधं, मंग काय व्हई!"

साऱ्या गावाला पाठ झालं होतं ते.

उद्या धुळ्याला तिची लायसनची परीक्षा होती. नथ्थू आठवड्याचे सहा दिवस धुळ्यातच, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. भाजी बाजारात न्यायला तिच्याशिवाय घरात होतं कोण? पण ती म्हणत होती, नको मला ते लायसन. म्हणायची आणि रडायची.

नथ्थूने जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधलं आणि एक्सलच्या नळीत सारलं. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा आत ठक् वाजलं.

"आला, आला लेकाचा!"

तेलाने माखलेला तुकडा बाहेर आला. तो पुसता पुसता नथ्थूचा हात थांबला.

"कुंदा, इकडे ये. हे चकचकीत दिसतंय ना, ते बुधवारचं. आणि हे काळं? यात तेल मुरलंय. ही चीर जुनी आहे, वर्षभराची तरी. कुणीही चालवली असती तरी तुटणारच होता."

"वर्षभराची? तेव्हा तर..." कुंदाबाईने जीभ चावली.

गेल्या वर्षी गावातल्या मगनचा कापसाने भरलेला ट्रक नाल्यात रुतला, तेव्हा नथ्थू नको नको म्हणत असताना तो ओढायला जीप कोण घेऊन गेलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

अंगणातल्या खाटेवर सारं ऐकत बसलेले आबा उठले. तुकडा डोळ्यांपाशी नेला, तुटक्या तोंडावरून अंगठा फिरवला. टोपी चढवली आणि तुकडा घेऊन तरातरा बाहेर पडले.

"रागावले," कुंदाबाई म्हणाली. "आता विहिरीत फेकून येतील."

"फेकू देत. नवा आहे ना आपल्याकडे."

नवा एक्सल आत गेला. थोडा फिरवून त्याने दाते जुळवले आणि एकेक बोल्ट आवळत आणला. तेवढ्यात पलीकडच्या पिठाच्या गिरणीतून आबांचा खणखणीत आवाज आला. गिरणीवाल्या भिकनला धरलं होतं त्यांनी.

"अरे भिकन, हात लाव, हात! काळं दिसस ना? जुनी चीर शे ती. सूननी नही तोडा. मी तोडा, मी!"

कुणीतरी हसलं. तशी आबांनी आवाज आणखी चढवला आणि ट्रकची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली.

कुंदाबाई पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. मग तिला हसूच फुटलं, आवरेना.

"बाई गं, सुटले एकदाची!" ती म्हणाली. "अहो, उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला निघू. नऊला तरी पोचायला हवं."

"सात तर सात. पण धुळ्यापर्यंत गाडी मी चालवणार."