पोशी आजीची नात

“माझी आजी गेली गं!” असा टाहो फोडत वांगणीची जिवली अंगणात शिरली, तेव्हा वाढता वाढता गोदीचा हात थांबला.

पोशी आजीचा तो बारावा दिवस. साखरशेतातल्या त्या अंगणात सकाळपासून माणसं येत होती. ओळखीच्या गावांतून, नावही न ऐकलेल्या पाड्यांवरून. येणारी प्रत्येक बाई ‘माझी आजी’ म्हणूनच रडत होती. गोदी त्यांना भात वाढत होती आणि आतून जळत होती. रक्ताची नात ती एकटी. पण तिला रडायला कोणी जागाच ठेवली नव्हती.

त्यातही ही जिवली. ना जमीन, ना आईबाप. रानातून मोळ्या आणून विकायची. जेवायलाही ती सगळ्यांपासून दूर, मोहाच्या झाडाखाली बसली. तिच्या जातीला रीतच होती तशी. तिच्या गालांवर देवीचे वण होते. तसेच वण गोदीच्या गालांवर होते, आणि आजीच्याही होते.

आजीला तरुणपणीच देवी येऊन गेल्या होत्या. एकदा येऊन गेल्या की पुन्हा धरत नाहीत. म्हणून ज्या घरात देवी येत, जिथे सख्खे भाऊसुद्धा उंबऱ्याशी थबकत, तिथे आजी जाई. जव्हारहून संस्थानचा देवी टोचणारा आला की लोक पोरं घेऊन रानात पळत. आजीला मात्र स्वतः येऊन घेऊन जात. ती दाराला निंबाचा डहाळा बांधायची, घरातली फोडणी बंद करायची. पोरानं खाजवू नये म्हणून त्याच्या हातांना मऊ चिंध्या गुंडाळायची आणि त्याला मांडीवर घेऊन बसायची.

“पाव्हण्या आल्यात बाय,” ती पोराच्या आईला सांगे, “त्यांना हाकलायचं नाय. नीट सांभाळायचं, मंग त्या आपल्याच जातात.”

पोर दगावलं तर त्याला शेवटची आंघोळ घालायलाही तीच असे.

परतली तरी ती घरात येत नसे. अंगावरनं देवी घरात येऊ नयेत म्हणून शेतावरच्या खोपटात एकवीस दिवस एकटी राही. गोदीची आई बाळंतपणातच गेलेली. काकू दोन वेळचं वाढायची, पण गोदीला हवी असायची ती आजी. ती बांधावर उभी राहून हाका मारी. “लांब ऱ्हा माझे बाय,” आजी तिकडूनच म्हणे. लोकांच्या पोरांना मांडी, आणि आपल्याला बांध!

नऊ वर्षांची असताना गोदी कोणाला न सांगता वांगणीपर्यंत चालत गेली. जिवलीच्या घराच्या कुडाच्या फटीतून आत पाहिलं. आजीच्या मांडीवर जिवली होती, आणि आजी गुणगुणत होती. तसं गाणं गोदीनं कधी ऐकलं नव्हतं. घरामागच्या खड्ड्यात जिवलीच्या हातांच्या चिंध्या पुरायला टाकलेल्या होत्या. गोदीनं त्यातली एक उचलली, पोलक्यात लपवली आणि घरी येऊन उशाखाली घेऊन निजली.

त्यानंतर बाराव्या दिवशी तिला ताप चढला.

आजी धावत आली. सतरा दिवस गोदी तिच्या मांडीवर होती. अंगाची आग होत होती, डोळे चिकटले होते, आणि तरीही गोदीच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. पण एका पहाटे तिनं ऐकलं. आजी जमिनीला कपाळ टेकून म्हणत होती, “माते, मीच आणलं गं. माझ्याच अंगावरनं आणलं.”

गोदीला बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

तेव्हापासून आजी खोपटात दोन-दोन महिने राहू लागली. घरी आली तरी ओटीवर निजायची. गोदीला तिनं पुन्हा कधी मांडीवर घेतलं नाही.

जेवणं चालू असतानाच खोडाळ्याकडचा एक गडी घामाघूम होऊन अंगणात आला. त्यानं नाव रघ्या सांगितलं.

“आजी हाय काय? पोरीला देवी आल्यात. तिला सांगून ठेवलंय, आजी येईल म्हणून.”

पंगतीतला म्हातारा बुध्या म्हणाला, “आजी गेली बाबा. हे तिचंच जेवण.”

मोहाखालून जिवली उठली. “मी येतंव,” ती म्हणाली.

आता हेही हिचंच? गोदीनं हातातली टोपली खाली आपटली. “आजी माझी होती. मी जाईन.”

दोघीही निघाल्या. रघ्या पुढे, त्या मागे. उतार संपला. मग गोदीच्या तोंडून निघून गेलं, “तुझी चिंधी मी नेली होती. खड्ड्यातनं.”

“ठावं हाय.”

“काय?”

“चिंधी उचलताना फटीतनं बघलं मी तुला. ताप व्हता, पन डोळं उघडं व्हतं.”

“आजीला सांगितलंस?”

“नाय.”

“का?”

जिवली चालतच राहिली. “मला वाटलं, देवी येऊ दे हिला पन. जळायची मी तुझ्यावर. माझं बरं झालं का ती तुझ्याकडं जानार व्हती. मला कोन व्हतं?”

गोदी वाटेतच थांबली. आजी तो दोष स्वतःच्या माथी घेऊन गेली होती. आणि खरं ठाऊक असलेल्या दोघी बावीस वर्षं गप्प होत्या. तिला जिवलीचा राग आला. मग तो कोणावर काढावा हेच कळेना. जिवली मागे वळून उभी होती. गोदी पुन्हा चालू लागली.

रघ्याच्या घरात पोर घोंगडीवर पडली होती. सहा-सात वर्षांची असेल. तोंड सुजून डोळे बंद झालेले. जिवलीनं दाराला निंब बांधला. गोदीनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं, तशी ती चाचपडत तिचा हात धरून म्हणाली,

“आजी आली?”

पाणी ओतता ओतता जिवली थांबली आणि गोदीकडे पाहत राहिली.

गोदीनं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं.

“आली,” ती म्हणाली, आणि पोरीचे डोळे पुसू लागली.