नागपुरात भरभर चालू नये

नागपुरात चालणं म्हणजे भेटेल त्याच्याशी बोलणं आणि मधल्या वेळात जमेल तसं पुढे सरकणं. धरमपेठेत सकाळची भाजी आणायला गेलेला माणूस संध्याकाळची घेऊनच परततो.

हे प्रशिकला माहीत होतं. टोकियोला नव्हतं.

कंपनी त्याला सहा महिन्यांसाठी टोकियोला पाठवत होती. आधी गेलेला सुशील तीन आठवड्यांतच परत आला होता. "काम सोपं हाये बे," सुशील म्हणाला, "पण थे लोक चालत नाही, सुटतात. मी स्टेशनाच्या बाहेर निघेपर्यंत तिकडं मीटिंग संपून जाये."

म्हणजे सराव हवा. गुरुवारी सकाळी प्रशिकने बूट चढवले, बॅग पाठीला लावली, मान खाली घातली आणि सुटला. पानठेल्यावरून शेजारच्या नत्थूजींनी हाक मारली, "काहून गा, कुठं?" त्याने नुसता हात हलवला.

घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवलं ते आजोबांनी, धोंडबांनी. विमान रविवारी होतं. रोज जेवताना तो सुरुवात करायचा, "आबाजी, मले जरा बाहेर..."

"बाहेर कुठं? मी मेलो त खांदा कोन देईन?"

प्रशिक घास गिळायचा, वाक्यासकट.

इकडे पानठेल्यावर:

— प्रशिक पाह्यला का?

— पळून राहिला होता.

— बोलला नाही?

— एक शब्द नाही. मान खाली.

— बुढा बिमार होता का?

— परवा खोकलत होता.

— अरे बाप्पा!

— पक्कं कळेपर्यंत कोनाले सांगू नका.

असं म्हणणाऱ्याने तोवर कन्हानला, धोंडबांच्या बहिणीला, फोन लावलाही होता.

दोन फेऱ्या मारून प्रशिक गल्लीत शिरला, तर दारासमोर पांढरेच पांढरे कपडे. नत्थूजी टेम्पोतून खुर्च्या उतरवून घेत होते. बुद्धविहारातल्या बाया पांढरी फुलं घेऊन उभ्या होत्या. सकाळी तर आबाजी चहात टोस्ट बुडवत होते!

"आबाजी!" तो गर्दीत घुसला. असा वेग टोकियोतही कुणी पाहिला नसेल.

आत धोंडबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण.

"कोन गेलं गा?" त्यांनी विचारलं. "कोनी सांगूनच नाही राहिलं. सारे माह्याकडंच पाहून राहिले."

मागोमाग आत आलेले नत्थूजी खाकरले. "काकाजी, आता कसं सांगावं... तुमीच."

तेवढ्यात कन्हानहून ऑटो आला. "दादा रे, मले सोडून काहून गेला रे!" करत धोंडबांची बहीण इंदूबाई आत शिरली. समोर दादा पाहिला, पण इतक्या लांबून आणलेलं रडणं एकदम कसं थांबणार? तिने फक्त शब्द बदलले. "जिता हायेस त फोन नाही करता येत रे!"

मग सगळे प्रशिककडे वळले. "पळून काहून राहिला होता बे?"

"सराव करून राहिलो होतो." प्रशिक म्हणाला. "टोकियोले चाललो. रविवारी. सहा महिने."

धोंडबांनी रेझर खाली ठेवला. उठून दाराशी गेले. एकेकाचं तोंड निरखत गल्लीतल्या लहानूपाशी थांबले.

"लहानू? तू त माह्याशी बोलत नाहीस."

"बोलत नाहीच," लहानू म्हणाला. "पण येनार नाही असं कोन म्हनलं?"

धोंडबांनी साबणासकट मान डोलावली. "प्रशिक, जाय तू. मले वाटे, कोनी येते का नाही. हे त बोलावल्याबिगर आले."

हवी ती परवानगी मिळाली आणि प्रशिकचंच तोंड उतरलं. त्याच्यावाचून इतकं सहज चालेल, असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"बिनधास्त जाय," नत्थूजी म्हणाले. "पुढचा खांदा मी देईन."

"पुढचा मी देनार," लहानू म्हणाला.

"तू त बोलतही नाहीस!"

"खांदा द्याले बोलावं लागते का?"

बाह्या वर गेल्या. इंदूबाई मध्ये पडली.

"पुढची जागा भरली हाये," धोंडबा ओरडले. "थे प्रशिकची. तो सहा महिन्यांनी येते. तोवर मी कुठंच जात नाही."