उलट्या पावलांनी आलेलं पाणी

"समदी फिल्म सरली, अन् माझी नुसती पाठच दिसली," पार्वतम्मा माझ्या कानाशी कुरकुरली. "तोंड बघावं तर त्या पुढाऱ्याचंच."

शाळेच्या खिडक्यांना आम्ही बायांनीच वाकळा बांधल्या होत्या. भर दुपारी आत अंधार, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर आमची विहीर, आमची घागर, आमची चालसुद्धा. माझ्या घरचा आरसा तळहाताएवढा; त्यात एका वेळी एकच डोळा मावायचा. इथं मी अख्खी, भिंतीएवढी.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. पाऊस त्याच्याही आधीपासून रुसलेला. नव्या जिल्ह्यातली नवी विहीर म्हणून ही फिल्म काढलेली: पुढारी फीत कापतो, बाया पाणी शेंदतात, घागरी भरून हसत घरी जातात. लातूरचे साहेब ती दाखवायला आले होते. गावाला पाणी लागलं असा शेरा त्यांनी मारला की उद्यापासून टँकर बंद. त्यांच्या शेजारी सरपंच चंद्रप्पा, पार्वतम्माचा थोरला, मान डोलवत बसलेला. विहिरीला पाणी लागलंच नव्हतं, हे त्याला ठाऊक, आम्हाला ठाऊक. साहेबांना सांगायचं मात्र कुणी?

पार्वतम्मा उठून मशीनवाल्यापाशी गेली. बाबा, पुन्हा एकदा लाव, तोंड बघते, म्हणाली. तो म्हणाला, आधी रीळ मागं फिरवावं लागतं, अम्मा. तिचं मन मोडू नये म्हणून त्यानं मशीनचा दिवा चालूच ठेवला.

आणि कापडावर जग उलटं फिरू लागलं. बाया पाठमोऱ्या चालत विहिरीशी आल्या. घागरीतलं पाणी धार होऊन बादलीत चढलं. भरली बादली आत उतरली, रिकामी वर आली. मग दुसरी घागर. मग माझी. गडीमाणसं खदखदून हसली, साहेबही हसले.

बायांत मात्र एकीलाही हसू फुटेना. शेजारी बसलेल्या केवळाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. त्या यंत्राला हे कुणी सांगितलं असेल? देवळात कधी जोडले गेले नाहीत असे माझे हात आपोआप जोडले गेले.

"बंद करा ते," चंद्रप्पा म्हणाला. "उलटं चालायलंय, साहेब."

पार्वतम्मा कापडासमोर तशीच उभी होती. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पाणी हलत होतं. तिनं लेकाकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"उलटं न्हाई, साहेब. असंच झालतं. त्या दिवशी टँकरचं पाणी आम्हीच ओतलं विहिरीत. ह्यानं सांगितलं म्हणून, माझ्या लेकानं."