पुढच्या खोलीची फरशी

"ती एक तरी साबूत ठेवा," कुंदाबाई म्हणाल्या. "तीनशे पस्तीस धड केल्या, मग या एकीला तडा काहून पाडून राहिले तुम्ही?"

मुरलीधरांनी भिंगावरून मान वर केली नाही. त्यांच्या डाव्या हाताच्या चिमटीत नखाएवढी लाल मातीची फरशी होती, अजून अर्धी ओली, आणि उजव्या हातात कुंदाबाईंच्याच शिवणाच्या डब्यातली सुई. तडा कोपऱ्यापासून निघून मध्यापर्यंत यायचा होता आणि तिथे त्याला दोन फाटे फुटायचे होते. आधीच्या चार फरश्या सुईचा दाब जरा जास्त झाला म्हणून निखाऱ्यांत जाऊन दुभंगल्या होत्या. ही पाचवी.

"आहे ते आहे," ते म्हणाले. "खोलीतल्या फरशीला तडा आहे, तर इथेही पाहिजे."

"बघणारी सात वर्षांची पोर आहे. तुमचे इन्स्पेक्शनवाले साहेब नाही."

"म्हणूनच तर. पोरांना चूक पटकन दिसते."

कुंदाबाई उठल्या, गुडघ्यांना दोन शब्द सुनावले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मुरलीधरांचा जन्म चूक शोधण्यात गेला होता. जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणी विभागात होते. समोर येणारा प्रत्येक सुटा भाग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर भंगार. केसाएवढा फरक त्यांनी कुणाच्या भिडेखातर सोडला नाही. साहेबांच्या मेव्हण्याच्या मालातलासुद्धा नाही, ही हकिकत ते अजून सांगत, आणि ऐकणारा तिसऱ्यांदा ऐकत असला तरी सांगत. माणूस नाकासमोर चालणारा. अडचण एवढीच, की नाकासमोर जे नसेल ते त्याला दिसत नसे.

बाहुलीघर त्यांनी वर्षापूर्वी करायला घेतलं. घर कसलं, एकच खोली होती ती: याच घराची पुढची खोली, बारा इंचांना एक इंच या मापाची. प्लायवूडच्या तीन भिंती आठवड्यात उभ्या राहिल्या. वर्ष गेलं ते फरशीत. कुंभाराकडून माती आणली, मलमलच्या फडक्यातून गाळली, काचेवर लाटली. पहिल्या खेपेच्या फरश्या उन्हात पापडासारख्या वळल्या. मग त्या दोन फळ्यांमध्ये दाबून सावलीत वाळवायच्या हे कळलं. माती वाळता-भाजताना दहात एक भाग आक्रसते, हेही त्यांनी कुणाला विचारलं नाही, स्वतः मोजून काढलं. सतरा मिलिमीटरची फरशी हवी असेल तर एकोणीसची कापायची. लाल रंगाला गेरू. पांढऱ्याला छुई, म्हणजे इकडे खेड्यात भिंती सारवायची पांढरी माती. ती पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं आणून दिली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राख भरून, तिच्यात फरश्या पुरून, डबा शेगडीच्या निखाऱ्यांत ठेवायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी खरी फरशी पायांनी झिजली होती, तिथल्या छोट्या फरश्यांवर त्यांनी पॉलिशपेपर फिरवून तेवढीच झीज आणली. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता कुणीतरी पाणी पिऊन आत गेलं.

हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. सून रुचिरा दोन वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या चिन्मयीला घेऊन भावाच्या घरी गेली, ती आलीच नाही. प्रकरण कोर्टात होतं. महिन्यातले दोन शनिवार, तासभर, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत मुलीला भेटायची परवानगी होती. मुलगा विपुल पहिल्या दोन भेटींना आला, मग कटनीच्या नोकरीचं निमित्त सांगून यायचा थांबला. कुंदाबाईंना कोर्टाचा जिना चढवत नव्हता. उरले मुरलीधर. ते शनिवार चुकवत नसत. चिन्मयी त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि विचारलेल्या प्रश्नाला 'जी हाँ' नाहीतर 'जी नहीं' म्हणायची. एकदा तिनं सरळ सांगितलं, "मुझे वो घर याद नहीं है." त्याच संध्याकाळी मुरलीधर कुंभाराकडे गेले होते.

आता गोष्ट कडेला आली होती. समुपदेशक मेघना मॅडम मागच्या भेटीत म्हणाल्या होत्या, की दिवाळीचे दोन दिवस मुलीला आजी-आजोबांकडे पाठवायला आईची ना नाही. पण जबरदस्ती नको. पुढच्या शनिवारी मी मुलीलाच विचारीन. ती हो म्हणाली तर हो.

मुरलीधरांचा भरवसा एका खेळावर होता. चिन्मयी चालायला लागली तेव्हापासून या खोलीत तो खेळ चालायचा. फरशी लाल-पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारखी. लाल म्हणजे जमीन. पांढरी म्हणजे नर्मदा, आणि नर्मदेत मगर. मगर म्हणजे खिडकीशी खुर्चीत बसलेले आजोबा. लालवरून लालवर तिरप्या उड्या मारत खोली पार करायची. पाय पांढऱ्यावर पडला की मगर धरणार. खोली विसरेल, आजोबांचा चेहरा विसरेल, पण पाय कसा विसरेल, असं त्यांना वाटे.

राहिला तडा. दोन वर्षांपूर्वी तिथे इस्त्री पडली होती. या घरात सगळे असंच म्हणत: प्रेस पडली. शेजाऱ्यांना तसंच सांगितलं, रुचिराच्या भावाला तसंच सांगितलं, आणि मुरलीधरांनी कोर्टाच्या ज्या कागदावर सही केली त्यावरही तसंच लिहिलं होतं. इतक्यांदा सांगून झाल्यावर ती पडलीच होती.

पाचवी फरशी निखाऱ्यातून धड बाहेर आली. तडा हुबेहूब. मुरलीधरांनी ती जागेवर बसवली, सांध्यात राख-सिमेंट भरलं, ओल्या स्पंजनं पुसलं. मग खऱ्या तड्याशेजारी उकिडवं बसून दोन्ही ताडून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "पास."

शनिवारी ते ऑटोत बाहुलीघर मांडीवर घेऊन बसले. कुंदाबाई फाटकापर्यंत आल्या होत्या. "ओळखेल ना हो?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मुलांच्या खोलीत भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले होते. दाराशी रुचिरा बसली होती, टेबलामागे मेघना मॅडम. चिन्मयीचा पुढचा एक दात पडला होता आणि वेण्या लांब झाल्या होत्या. मुरलीधरांनी बाहुलीघर जमिनीवर ठेवून वरचं फडकं काढलं. ती खुर्चीतून उतरली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"किसका घर है?"

"बघ तूच."

"इत्ती छोटी-छोटी टाइल! आपने बनाईं?"

"मी केल्या. मातीच्या."

तिनं नखानं एक फरशी खरवडून बघितली. निघत नव्हती. मग हाताची दोन बोटं पायांसारखी एका लाल फरशीवर उभी केली. जरा थांबली. बोटांनी तिरपी उडी मारली, पुढच्या लालवर. मग आणखी एक.

मुरलीधर श्वास धरून बसले.

"सफेद पे नहीं जाना," ती आपणहून म्हणाली. "सफेद में पानी है."

"कशाचं पाणी?"

"नर्मदाजी का. उसमें मगर है." तिनं वर बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होती. "मगर तो आप थे."

मुरलीधरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. पंजा मगरीच्या जबड्यासारखा करून त्यांनी तिची बोटं धरायचा आव आणला. तिनं बोटं काढून घेतली आणि खिदळली. मेघना मॅडम हसून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मुरलीधरांना वाटलं, झालं. वर्ष कामी आलं. दिवाळीत पोर घरी.

चिन्मयीची बोटं पुढे निघाली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. चौथ्या ओळीत ती थांबली. तिनं वाकून बघितलं, नखानं तो तडा कोपऱ्यापासून गिरवला, दोन फाट्यांपर्यंत.

"यहाँ पापा ने प्रेस फेंकी थी," ती म्हणाली. इथे कपाट होतं, तिथे टीव्ही होता, असं सांगावं तसं म्हणाली. "मम्मी के पैर पे. लगी नहीं. गरम थी."

"चिनू, पडली होती ती," मुरलीधर म्हणाले. त्यांना म्हणायचं नव्हतं. जिभेला वळण पडलं होतं.

"नहीं. फेंकी थी." तिनं बोट उचलून खिडकीपाशी ठेवलं. "आप यहाँ बैठे थे. पेपर लेके. फिर आपने प्रेस उठाई, प्लग में लगाई, और बोले, चालू आहे."

तेवढे दोन शब्द ती मराठीत बोलली. दोन वर्षांत तिच्या तोंडून आलेलं मराठी तेवढंच.

तसंच झालं होतं. विपुलचा आवाज चढलेला मुरलीधरांना ऐकू येत होता. त्या दिवशीच नाही, आधीही कित्येक संध्याकाळी ऐकू आला होता, आणि दर वेळी नवरा-बायकोचं त्यांचं ते बघतील म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं होतं. त्या दिवशी इस्त्री रुचिराच्या पायापासून चार बोटांवर आदळली. रुचिरा भिंतीला चिकटून उभी होती, पोर दारात होती. मुरलीधर उठले, त्यांनी इस्त्री उचलली, प्लग लावून तापते का ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तड्यात पांढरं सिमेंट भरलं. चौथ्या दिवशी रुचिरा गेली. चौतीस वर्षं केसाएवढी खोट ज्यांनी सोडली नाही, त्यांनी घरातली एवढी मोठी खोट पास केली होती, आणि वर सही केली होती.

"मी तिला यातलं कधी काही सांगितलं नाही, बाबा," दाराशी बसलेली रुचिरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आम्ही घरी या गोष्टीचं नावसुद्धा काढत नाही. मला वाटून राहिलं होतं, ती विसरली. देवाजवळ तेवढंच मागत होते मी."

मुरलीधरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चूक झाली, म्हणायचं होतं. पण कुठली, ते एका वाक्यात बसेना.

चिन्मयीनं फरशीवरचा हात काढून घेतला. ती उठली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन तिची ओढणी धरून उभी राहिली. मेघना मॅडमनी पेन खाली ठेवलं, हळू आवाजात विचारलं, "बेटा, दिवाली पे दादा-दादी के घर जाओगी? दो दिन?"

चिन्मयीनं आजोबांकडे बघितलं नाही. नुसती नाही म्हणून मान हलवली, आधी एकदा, मग पुन्हा जोरानं. मॅडमनी पेन उचलून तसं लिहिलं.

तासातली पस्तीस मिनिटं अजून उरली होती. नियमानं ती संपेपर्यंत बसायचं होतं, म्हणून मुरलीधर बसले. चिन्मयी कोपऱ्यात जाऊन चित्रांच्या वहीत रंग भरत होती. वेळ संपल्यावर ती आईचा हात धरून गेली. दारातून तिनं "बाय" म्हटलं, शिकवलेलं असावं.

घरी पोचायला दुपार झाली. कुंदाबाई फाटकातच होत्या. ऑटोतून बाहुलीघर उतरताना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"परत काहून आणलं?"

"त्यांच्याकडे ठेवायला जागा नाही."

"मग? ओळखलं का तिनं?"

मुरलीधरांनी ओझं पायरीवर ठेवलं.

"ओळखलं," ते म्हणाले. "सगळं ओळखलं तिनं. मगरसुद्धा."

कुंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मी म्हणत नव्हते? रक्त आहे ते आपलं," असं काहीबाही म्हणत त्या गुडघे विसरून आत गेल्या. देवापुढे साखर ठेवल्याचा वाटीचा आवाज आला. मग कपाट उघडल्याचा. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन फ्रॉक होते, दोन्ही जांभळे, दुकानाची चिठ्ठी तशीच.

"बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणले परवा. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं नाट लागेल. एक अंगाला होईल, एक परत करू. किती उंच झाली ते हातानं दाखवा बरं."

कुंदाबाई, ती येणार नाही. मुरलीधरांना एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी उजवा हात जमिनीपासून वर उचलला, आपल्या कमरेच्या थोडा वर आणला, तळवा पालथा करून तिथे धरला. चुकू नये म्हणून अर्धा इंच खाली घेतला.

कुंदाबाईंनी वाकून मोठा फ्रॉक त्या हाताखाली धरून बघितला, मग लहान, मग पुन्हा मोठा. "हाच बसते," त्या म्हणाल्या. "जरा थांबा, खालून किती दुमडावा लागेल ते बघते." आणि तोंडात टाचण्या धरून त्या माप घ्यायला लागल्या. त्यांचं होईपर्यंत मुरलीधर हात तसाच धरून उभे राहिले.